मृगाआधीची घरदुरुस्ती आणि उन्हाळ्याचे संकल्प : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाडवा उलटला की घरदुरुस्तीविषयीचे प्रश्न येऊ लागतात आणि मृग जवळ येईल तसा त्यांचा सूर बदलत जातो. एप्रिलमध्ये लोक रंगांच्या छटा विचारतात, मेच्या अखेरीस जाड ताडपत्री कुठे मिळेल ते विचारतात. दरवर्षी पुन्हापुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्र आणि गोव्यातील सदनिका, बंगले आणि कौलारू घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

१. आमच्याकडे घराचे काम दिवाळीच्या आधी काढण्याची पद्धत आहे. मग उन्हाळ्यात घाई कशासाठी?

दिवाळीपूर्वी काढले जाते ते बहुतेक रंगाचे आणि साफसफाईचे काम असते, आणि ते तेव्हाच करणे योग्य आहे. उन्हाळ्याचे काम वेगळे आहे. पाणी घरात येण्याच्या वाटा बंद करणे आणि घरावर पडलेले पाणी निघून जाण्याच्या वाटा मोकळ्या करणे, एवढेच ते काम. चैत्र-वैशाखात स्लॅब, भिंती आणि लाकूड वर्षातले सर्वांत कोरडे असतात. त्यामुळे भेगांत भरलेला माल नीट धरतो, लेप पकड घेतो आणि कौले उतरवून ठेवली तरी रात्रीची झोप उडत नाही. शिवाय या दिवसांत दिसणारी ओल पावसाची नसते, हा निदानाच्या दृष्टीने मोठाच फायदा आहे. त्याविषयी प्रश्न ६ पाहावा.

२. काम नेमके केव्हा सुरू करावे? हाताशी किती दिवस असतात?

गुढीपाडवा मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पूर्वार्धात येतो आणि मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते, म्हणजे हाताशी साधारण ८ ते ११ आठवडे असतात. मात्र त्यांतले सगळे कामाचे नसतात. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, कारागिरांचे गावी जाणे आणि अधूनमधून पडणारा वळीव यांत त्यांपैकी बरेच निघून जातात.

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे. ती सरासरी आहे, हमी नव्हे. २०२३ मध्ये मुंबईला २५ जूनपर्यंत वाट पाहावी लागली, तर २०२५ मध्ये २६ मे रोजीच मोसमी पाऊस शहरात आला आणि त्याआधीचा मेसुद्धा राज्याच्या बऱ्याच भागांत पावसाळीच गेला. दोन वर्षांच्या अंतराने तारखांत पुरा एक महिना फरक पडत असेल तर नियोजन सरासरीवर न करता लवकरच्या तारखेवर करावे. उघड्यावरील प्रत्येक कामाची अखेरची तारीख १५ मे मानावी आणि तेथून मागे मोजत यावे. त्यानंतरचे दिवस घराच्या आतल्या कामांसाठी आणि राहून गेलेल्या गोष्टींसाठी असतात.

३. "यंदा घर नीट करायचे" असा संकल्प दर पाडव्याला करतो आणि जूनमध्ये बादल्या मांडतो. चुकते कुठे?

संकल्पाच्या वाक्यातच चुकते. "घर नीट करणे" हे काम कधी पूर्ण झाले ते कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे ते सुरूही होत नाही. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे केलेल्या अभ्यासांतून असे दिसते की, "जमेल तितके करू" या वृत्तीपेक्षा नेमके आणि थोडे अवघड उद्दिष्ट समोर असेल तर माणसाच्या हातून अधिक काम होते. घराच्या बाबतीत नेमकेपणा आणण्याची सोपी रीत म्हणजे उद्दिष्ट तपासता येईल अशा शब्दांत लिहिणे. "गच्चीचे बघू" असे न लिहिता "१५ मेपर्यंत गच्चीवर ४८ तास पाणी साठवले तरी खालच्या खोलीच्या छताला ओल दिसता कामा नये" असे लिहावे.

दुसरी गोष्ट पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिली: काय करणार याबरोबरच केव्हा, कुठे आणि कशानंतर करणार हे आधी ठरवलेले असेल तर संकल्प प्रत्यक्षात उतरण्याची शक्यता बरीच वाढते. "पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळचा चहा झाला की गच्चीवर जाऊन प्रत्येक भेगेचा फोटो काढीन" हे वाक्य दिसायला क्षुल्लक आहे, पण वर्षानुवर्षे अडलेली कामे बहुधा अशाच वाक्याने सुटतात.

४. माझी यादी तीस कामांची आहे. त्यांतली कोणती घ्यावीत?

एका उन्हाळ्यात नोकरी सांभाळून एखाद्या कुटुंबाची तीन, फार तर चार मोठी कामे पूर्ण होतात. त्यामुळे यादीतले प्रत्येक काम एका कसोटीवर घासावे: हे काम या वर्षी केले नाही तर पावसाळ्यात ते वाढेल का? गच्चीची भेग वाढते, छज्जातली गंजलेली सळई वाढते, वाळवी वाढते. स्वयंपाकघरातील जुनाट फरशी जुनाटच राहते. जी वाढतात ती आधी.

त्यांतही क्रम वरून खाली आणि बाहेरून आत असा ठेवावा. आधी छत, मग पन्हळी आणि पाणी वाहून नेणारे पाइप, मग बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांच्या कडा, आणि सर्वांत शेवटी आतला गिलावा व रंग. हा क्रम उलटा करणारे बरेच असतात, कारण आतले काम पाहुण्यांना दिसते. विजेचे काम मात्र क्रमाबाहेरचे आहे. ओलसर भिंतीतून जाणारी जुनी वायर, नसलेले किंवा नावापुरते अर्थिंग, आणि झटका बसताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवलेले नसणे यांपैकी काहीही असेल तर ते काम बाकी सगळ्याच्या आधी, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे.

उरलेली पंचवीसेक कामे फाडून टाकू नयेत; "पुढच्या वर्षी" असा मथळा घालून वेगळ्या पानावर लिहून ठेवावीत. यादी लहान करणे हे उद्दिष्ट ठरवण्यातले सर्वांत कठीण काम आहे आणि तेच बहुतेक जण टाळतात.

५. दोन दिवसांचे म्हणून काढलेले काम आठवडाभर चालते. अंदाज कसा बांधावा?

हा दोष सार्वत्रिक आहे. डॅनिएल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये त्याला "प्लॅनिंग फॅलसी", म्हणजे नियोजनातला भ्रम, असे नाव दिले, आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचे मोजमाप मिळाले. प्रबंध पूर्ण करायला किती दिवस लागतील असे विद्यार्थ्यांना विचारले असता सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवसांचे आले, "सगळेच बिनसले तर?" असे विचारल्यावर सुमारे ४९, प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा अपुरा पडला.

त्यावरचा उपाय असा की, काम कसे पार पडेल याचे चित्र रंगवत बसू नये. मागच्या वेळी अशाच कामाला किती दिवस लागले ते आठवावे, आणि आठवत नसेल तर शेजाऱ्याला विचारावे. त्याशिवाय स्वतःच्या अंदाजाची दीडपट करावी. सिमेंटच्या कामात गवंड्याचे दिवस आणि पाणी मारण्याचे दिवस वेगळे मोजावेत, कारण गवंडी निघून गेला तरी काम चालूच असते (प्रश्न ९).

६. भिंतीला ओल आहे, पोपडे निघतात. गळती कुठून आहे हे कसे ओळखावे?

येथे घाई केली तर पुढचा सगळा खर्च वाया जातो, म्हणून या उत्तराला थोडी जागा देत आहोत.

प्रथम ओल केव्हा दिसते ते पाहावे. ती फक्त पावसाळ्यात आणि पावसानंतर काही आठवडे दिसत असेल तर पाणी छतातून, बाहेरच्या भिंतीतून किंवा खिडकीच्या कडेतून येत आहे. भर मेमध्ये, आठ महिने पाऊस नसताना ओल कायम असेल तर दोष बहुधा नळाच्या पाइपात, न्हाणीघराच्या फरशीत, सांडपाण्याच्या जोडणीत किंवा वरच्या टाकीत असतो. म्हणूनच एप्रिल आणि मे हे निदानाचे महिने आहेत. पाऊस सुरू झाल्यावर दोन्ही प्रकारचे पाणी एकमेकांत मिसळते आणि कोणीच कोणाचा दोष मान्य करत नाही.

पाइपाची शंका असेल तर रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. फ्लशच्या टाकीची आणि वरची टाकी भरण्याची जोडणीही त्या वेळी बंद असली पाहिजे. आकडा हलला असेल तर मीटरपासून पुढे कुठेतरी गळती आहे. न्हाणीघराच्या फरशीची शंका असेल तर जाळी बुजवून फरशीवर रंग घातलेले पाणी एक दिवस साठवावे आणि खालच्या मजल्याचे छत पाहावे. सांडपाण्याच्या पाइपाचीही परीक्षा अशीच, रंगीत पाणी सोडून करता येते.

तळमजल्यावर ओल जमिनीपासून साधारण एक मीटरपर्यंतच चढत असेल आणि त्या पट्ट्यात पांढरी बुरशीसारखी पूड, म्हणजे लोणा, दिसत असेल तर पाणी जोत्यातून वर येते आहे. अशा भिंतीला वरून कितीही रंग लावला तरी तो टिकत नाही. बाहेरच्या अंगणाची पातळी जोत्याखाली आणणे, भिंतीलगत साचणारे पाणी दूर वळवणे आणि खालचा खराब गिलावा काढून टाकणे येथपासूनच सुरुवात करावी लागते.

७. गच्चीसाठी कोबा करावा, की वरून लावायचा रासायनिक लेप पुरेसा आहे?

दुकानात विचारले तर लेप, गवंड्याला विचारले तर कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा जाड थर) असे उत्तर मिळते, आणि दोघांचाही त्यात व्यवसाय असतो. निर्णय गच्चीच्या अवस्थेवरून करावा.

उतार ठीक आहे, पाणी कुठे साचत नाही, कोबा पोकळ वाजत नाही आणि फक्त बारीक भेगा आहेत, अशा गच्चीला लेप पुरतो. त्यासाठी भेगा उकरून भरणे, शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढणे आणि पृष्ठभाग खडखडीत कोरडा करणे ही तयारी लेपाइतकीच महत्त्वाची आहे. ॲक्रिलिक प्रकारचा लेप सतत साचलेल्या पाण्याखाली मऊ पडतो, म्हणून खळगे असलेल्या गच्चीवर तो एकदोन पावसाळ्यांत उचलतो. लेपाचे आयुष्य काही वर्षांचेच असते, हे गृहीत धरूनच तो घ्यावा.

पाणी साचते, जुना कोबा ठिकठिकाणी पोकळ झाला आहे, अशी अवस्था असेल तर विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा घालणे हाच खरा उपाय असतो. मात्र जुना कोबा तसाच ठेवून त्यावर नवा घालण्याची जी सर्रास पद्धत आहे ती धोक्याची आहे. १०० मिलिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरते. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर ते ९ टनांहून अधिक होते. जुन्या इमारतीच्या डोक्यावर असा दुसरा थर चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारलेच पाहिजे, आणि बहुतेक वेळा तो जुना थर काढायलाच सांगेल.

नवा कोबा करताना तीन ठिकाणी स्वतः उभे राहून पाहावे. उतार शंभराला एक तरी असावा, म्हणजे दहा फुटांत सव्वा इंचाच्या जवळपास. कठडा आणि गच्ची जेथे मिळतात तेथे काटकोन न ठेवता गोलसर वाटा, म्हणजे कोपरा सिमेंटने भरून केलेली गोलाई, करून घ्यावा आणि लेप किंवा कोबा कठड्यावर फूटभर चढवावा, कारण गळती बहुधा या कोपऱ्यातून आणि पाइपाच्या तोंडापाशीच सुरू होते, मधोमध क्वचितच. वर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझेक लावले तर खालची खोलीही काही प्रमाणात थंड राहते, हा विदर्भ-मराठवाड्यातल्या घरांना विशेष उपयोगाचा लाभ आहे.

८. काम झाल्यावर पाऊस येण्याची वाट न पाहता खात्री कशी करावी?

पाणी साठवून. गच्चीची तोंडे कापडाच्या बोळ्याने आणि थोड्या सिमेंटने बुजवावीत, उथळ भागात २५ मिलिमीटर पाणी राहील इतके भरावे आणि ४८ ते ७२ तास ठेवावे. २५ मिलिमीटर पाण्याचा भार चौरस मीटरला २५ किलो असतो, तो चालतो. उत्साहाने अर्धा फूट पाणी भरू नये.

मेच्या उन्हात पाणी आटते, त्यामुळे पातळी उतरली की गळती आहे असे वाटून लोक घाबरतात. पसरट घमेल्यात तितकेच पाणी घालून ते गच्चीवरच उन्हात ठेवावे. घमेल्यातले आणि गच्चीवरचे पाणी सारखेच उतरले असेल तर ते उन्हाने नेले. गच्चीवरचे स्पष्टपणे अधिक उतरले असेल तर ते झिरपले. पाणीटंचाई असलेल्या गावी किंवा सोसायटीत पूर्ण गच्ची भरणे परवडत नाही. तेथे मातीचे छोटे बांध घालून शंकास्पद कोपऱ्याचीच परीक्षा करावी. चाचणी झाल्यावर बोळे काढायला विसरू नये, ही सूचना अनावश्यक वाटेल, पण ती अनावश्यक नाही.

९. चाळीस अंशांच्या उन्हात सिमेंटचे काम टिकते का?

टिकते, पाणी मारण्यात कसूर केली नाही तर. काँक्रीटसाठी भारतीय मानक ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओल राखण्यास सांगते, आणि कोरड्या-गरम हवेत १० दिवसांपेक्षा कमी नको असे म्हणते. राख मिसळलेल्या, म्हणजे पीपीसी सिमेंटसाठी अशा हवेत १४ दिवस ठेवणे चांगले. हल्ली दुकानात सहज मिळणारी गोणी बहुधा पीपीसीचीच असते, त्यामुळे "सात दिवस पुरे" हा जुना हिशेब उन्हाळ्यात सोडून द्यावा.

गिलाव्याचे काम सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर करावे, त्याआधी वीट भिजवून घ्यावी आणि ताज्या गिलाव्यावर ओले गोणपाट टाकावे. दुपारी बारा ते चार या वेळात गच्चीवर माणूस उभा करू नये. नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा हा प्रश्न कामाच्या दर्जाचा राहत नाही. दिवसाची वेळ बदलल्याने दिवस वाढतात, ते प्रश्न ५ मधल्या हिशेबात धरावेत.

१०. कोणत्या भेगा बुजवून चालतात आणि कोणत्या नाहीत?

गिलाव्यातल्या केसासारख्या, जाळीदार भेगा आणि खांब किंवा तुळई भिंतीला मिळते त्या सरळ रेषेतल्या भेगा बहुधा वेगवेगळ्या साहित्याच्या आकुंचनाने पडतात. त्या उकरून, जाळी लावून बुजवता येतात.

खांबाला, तुळईला किंवा स्लॅबला सळईच्या दिशेने गेलेली भेग, तिच्याबरोबर तांबूस डाग आणि ढलपे, हे वेगळे प्रकरण आहे. आतली सळई गंजते तेव्हा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडतो. समुद्राजवळच्या इमारतींत हे लवकर घडते. त्यावर वरून गिलावा केला तर गंज झाकला जातो, थांबत नाही. जोत्यापासून तिरपी वर गेलेली आणि दरवर्षी रुंदावणारी भेगसुद्धा इंजिनीअरलाच दाखवावी. ती वाढते की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे.

मातीच्या किंवा चुन्यातल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये. त्यांच्यातली ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, अनेकदा भिंतीचा भाग घेऊनच. अशा घराला चुन्याचे काम येणारा कारागीर शोधणे जड जाते, पण शोधावाच.

११. बाहेरचा रंग पावसाआधी द्यावा की नंतर?

जुन्या, कोरड्या भिंतीला मेच्या मध्यापर्यंत देता येतो. नवीन गिलाव्याला मात्र किमान २८ दिवस द्यावेत; एप्रिलअखेर गिलावा झाला असेल तर रंग ऑक्टोबरनंतरच.

१२. कौलारू घराची शाकारणी दरवर्षी करावी लागते का?

नळीच्या कौलांचे छप्पर दरवर्षी चाळावे लागते, कारण माकडे, मांजरे, नारळ आणि वारा ती सरकवतात. मंगलोरी कौले एकमेकांत अडकतात, म्हणून त्यांना सगळे छप्पर उतरवण्याची गरज दरवर्षी नसते. पण चढून पाहणे दरवर्षी आवश्यक आहे. बासल मिशनने १८६० च्या दशकात मंगळुरात कारखाना काढल्यापासून ही कौले कोकणात आणि गोव्यात पसरली, आणि कित्येक घरांवर अजूनही जुनीच कौले शाबूत आहेत. बदलावे लागते ते बहुधा खालचे लाकूड.

म्हणून कौलांपेक्षा रिपा आणि वासे यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे. वाश्याच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाला सुरीचे टोक टोचून पाहावे. ते सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने खाल्ले आहे. आढ्यावरच्या कौलांचे सिमेंट आणि दोन पाखी मिळतात त्या कोनातला पत्रा या दोन जागा गळतीच्या ठरलेल्या. एका चौरस मीटरला साधारण १५ मंगलोरी कौले लागतात. जुन्या मापाची कौले नव्याशी जुळतीलच असे नाही, म्हणून पाडलेल्या घराची त्याच छापाची शंभरेक कौले मिळाली तर ती घेऊन परसात रचून ठेवावीत. पावसाचा मारा येतो त्या बाजूच्या पडवीला झडीसाठी झापे किंवा ताडपत्री बांधणे हेही याच यादीत धरावे.

पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कोरडे कापू किंवा फोडू नयेत. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओले करून, अखंड उतरवून घ्यावेत.

१३. आम्ही मुंबईत राहतो. मेमध्ये आठवडाभर गावी जातो, तेवढ्यात काय होऊ शकते?

आठवड्यात शाकारणी, वाळवीचा बंदोबस्त आणि पन्हळींची सफाई होते. नवा कोबा होत नाही, कारण पाणी मारायला मागे माणूस नसतो. जाण्याआधी महिनाभर गावातल्या कोणाकडून तरी घराच्या आतून, दिवसा, दिवे बंद ठेवून छताचे फोटो मागवावेत. कौलांतून जेथे उजेड दिसतो तेथूनच पाऊस येणार. कारागीर आणि साहित्य आधी ठरवावे. मेमध्ये सगळे चाकरमानी एकाच वेळी उतरतात आणि गावात सुतार दोनच असतात.

घर सामाईक असेल तर काम काढण्याआधी सहहिस्सेदारांना अंदाजपत्रक पाठवून लेखी होकार घ्यावा, व्हॉट्सॲपवरचा चालेल, आणि पावत्या जपाव्यात. काम झाल्यावर हिस्सा मागितला की आंब्याच्या झाडापर्यंतचा जुना हिशेब निघतो.

१४. गवंडी उचल घेऊन जातो आणि येत नाही. व्यवहार कसा करावा?

मार्चमध्येच ठरवावा. एप्रिल-मेमध्ये अनेक कारागीर लग्नांसाठी आणि शेतीच्या तयारीसाठी गावी जातात, हे त्यांच्या बाजूने रास्तच आहे. काम अंगावर दिले आहे की रोजावर, माल कोणाचा, किती चौरस फूट, कोणता थर किती जाड, पाणी कोण मारणार आणि राडारोडा कोण उचलणार हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. उचल साहित्य आणण्यापुरती द्यावी, पुढचे पैसे टप्प्याटप्प्याने, आणि दहावा हिस्सा चाचणी (प्रश्न ८) पार पडेपर्यंत मागे ठेवावा. हे आधी सांगितले तर चांगला कारागीर रागावत नाही.

१५. स्वतःच्या हाताने कोणती कामे करावीत?

पन्हळी आणि गच्चीच्या जाळ्या साफ करणे, खिडक्यांच्या कडांना सिलिकॉन भरणे, दारांच्या बिजागऱ्यांना तेल देणे, लोखंडी ग्रिल घासून त्यावर गंजरोधक प्रायमर आणि रंग लावणे, नळांचे वायसर बदलणे, टाकी धुणे. सुट्टीत घरी असलेल्या मुलांना यांतली निम्मी कामे आवडतात. उंचीवरची, विजेची आणि भार पेलणाऱ्या भागांची कामे यातून वगळावीत.

१६. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि छत गळते. खर्च कोणाचा?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. गच्चीतून गळून वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला असेल तर तोही संस्थेनेच करून द्यायचा असतो. न्हाणीघर किंवा सिंक यांमुळे होणारी सदनिकेतली गळती ज्या त्या सदस्याच्या खर्चाची. आपल्या संस्थेने स्वीकारलेले उपविधी तपासून मार्चमध्येच लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. "वर्गणी जमल्यावर बघू" असे उत्तर आले तर दुरुस्ती निधीचा हिशेब मागावा. प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के रक्कम त्यासाठी जमा होणे अपेक्षित असते.

याच उपविधींत १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करण्याची तरतूद आहे. ते झाले नसेल तर गच्चीचा मोठा खर्च करण्याआधी ते करून घेणे शहाणपणाचे. महापालिकेने इमारत अतिधोकादायक, म्हणजे मुंबईत "सी-१", ठरवली असेल तर दुरुस्तीचा विचार सोडून ती रिकामी करण्याचा विचार करावा.

१७. घर भाड्याचे आहे. मालक लक्ष देत नाही. मी स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून कापून घेऊ का?

उत्तर करार कोणता आहे यावर अवलंबून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगे ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापर्यंतच.

गोंधळ येथे होतो: हल्लीचे अकरा महिन्यांचे बहुतेक करार "लिव्ह अँड लायसन्स" प्रकारचे असतात आणि त्यांतली व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसते. तेथे करारातले दुरुस्तीचे कलम चालते. ते वाचावे, मालकाची संमती लेखी घ्यावी आणि त्याशिवाय भाडे कापू नये. मोठी रक्कम गुंतलेली असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

१८. याच उन्हाळ्यात पोहायला शिकायचे आहे, वजन उतरवायचे आहे आणि घरात कोणते काम आधी यावर एकमत नाही. सगळे कसे जुळवावे?

घरदुरुस्ती पैसा, सुट्टी आणि घरातली शांतता या तिन्ही गोष्टी खाते. ती चालू असताना जे रोज ठरलेल्या वेळी आणि घराबाहेर होते तेवढेच दुसरे उद्दिष्ट टिकते. सकाळी सहाचे पोहणे टिकेल, कारण गवंडी नऊला येतो. नवा आहार टिकणार नाही, कारण स्वयंपाकघरात धूळ असेल. एक घराचे आणि एक स्वतःचे, एवढेच घ्यावे.

मतभेदांसाठी एक रीत उपयोगी पडते. घरातल्या प्रत्येकाने, आजी-आजोबांसह, मागच्या पावसाळ्यात सर्वांत अधिक त्रास कशाने झाला ते प्रत्येकी एकाच वाक्यात लिहावे. कामांची नावे लिहायची नाहीत, त्रास लिहायचा. "माझ्या पलंगाशेजारची भिंत ओली होती" हे वाक्य आणि "हॉलला नवा रंग" ही इच्छा शेजारी ठेवल्या की निर्णय बहुधा आपोआप होतो. ज्याचे काम मागे राहिले त्याचे "पुढच्या वर्षी"च्या पानावर (प्रश्न ४) पहिले लिहावे.

१९. काम अर्धे असतानाच पाऊस आला. आता काय?

उघडलेले झाका आणि नवे काही उघडू नका. कोब्याचा वरचा थर राहिला असेल तर उतार सांभाळून जाड ताडपत्री टाकावी, तिच्या कडा कठड्यावरून बाहेर सोडून विटांनी दाबाव्यात आणि पाण्याचे तोंड तिच्याखाली अडकलेले नाही हे पाहावे. ताजे सिमेंट पहिले काही तास पावसाच्या माऱ्यापासून वाचवले तर नंतरचा पाऊस त्याला अपाय करत नाही. पाणी मारण्याचे कष्ट तेवढे वाचतात. रासायनिक लेप मात्र ओल्या पृष्ठभागावर लावू नये. एक हात झाला असेल तर दुसऱ्यासाठी तीनचार दिवसांची कोरडी उघडीप पाहावी, आणि ती मिळाली नाही तर ऑक्टोबरपर्यंत थांबावे. कौले उतरवलेली असतील तर आधी झोपण्याच्या आणि विजेच्या मीटरच्या खोलीवरची चढवावीत.

उरलेल्या कामासाठी पावसाळ्याचाही उपयोग करून घ्यावा. प्रत्येक मोठ्या सरीनंतर ओल कुठे, किती वेळाने आणि कोणत्या दिशेच्या वाऱ्यात आली ते तारखेसह वहीत लिहावे आणि फोटो काढावेत. सप्टेंबरअखेर इंजिनीअर किंवा गवंडी येईल तेव्हा प्रश्न ६ मधल्या निम्म्या चाचण्या ही वहीच वाचवते, आणि कारागीर तेव्हा मेपेक्षा सहज मिळतात.